तिसरा चौकोन

भावाच्या डाव्या कानावर सात गोष्टी होत्या. कडेनं चार फिकट तपकिरी डाग, त्यांतले दोन एकमेकांना चिकटलेले. कानामागे आज सकाळी केस कापताना उठलेला ताजा ओरखडा. पाळीखाली लहानपणी मांजरानं ओरबाडल्याचा पांढरा वण. आणि वरच्या वळणावर, जिथे ऊन सगळ्यांत आधी पोचतं, मसुराच्या डाळीएवढा एक खरखरीत ठिपका. रंगानं तो जवळजवळ कातडीसारखाच होता, नुसत्या नजरेला सापडत नव्हता. तिनं बोट फिरवलं तेव्हा सापडला. ओल्या हाताला वाळू चिकटावी तसा लागला. तिनं सगळं पुन्हा एकदा मोजलं. मोजत होती तोवर दुसरं काही करावं लागत नव्हतं.

"झालं का? मान आखडली," तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर तो मान वाकवून बसला होता आणि पुढ्यातल्या ताटलीतले शेंगदाणे सोलत होता.

"केस कापणाऱ्यानं काय सांगितलं नक्की?"

"म्हणाला, इथे वस्तरा अडकतो. मी म्हटलं, अडकू दे, कान तेवढा जागेवर ठेव."

"दुखतं?"

"तू दाबतेयस म्हणून दुखतंय. एरवी मला पत्ताही नव्हता."

एवढ्यात आई वाटी घेऊन आली. वाटीत हिरवा लगदा होता, ताजा ठेचलेला, आणि त्याचा तो उग्र, ओल्या भिंतीसारखा वास तिच्या आधी खोलीत शिरला. "सरक गं," आई म्हणाली, "पाला लावते. दोन दिवसांत नाहीसा होईल." आईनं दोन बोटांनी लगदा उचलला, कानावर थापला, खाली ओघळू लागला तो अंगठ्यानं निपटला. हे तिनं आयुष्यात शंभरदा तरी पाहिलं असेल. तीच बोटं, तसंच निपटणं, तसाच भाऊ मान वाकवून बसलेला. आज मात्र तिचं बघणं मध्येच अडखळलं. जिन्यावर शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं. आईनं पाला नेहमी नंतर लावला होता. भाजून झाल्यावर. एकदाही आधी नाही.

भावाच्या कातडीत, केसांत, डोळ्यांत जन्मापासून रंग नव्हता. गल्लीतल्या पोरांनी त्याला 'पिठ्या' म्हणून चिडवायला सुरुवात केली, तेव्हा आईनंच ते नाव उचलून घरात आणलं, सकाळ-संध्याकाळ त्याच नावानं हाक मारून त्याची धार घालवून टाकली. घराला जाड पडदे होते. पिठ्याच्या वाट्याला अंगण यायचं ते सूर्य मावळल्यावर. दिवसा तो पडद्याच्या फटीला डोळा लावून बाहेरचा खेळ बघायचा, म्हणजे ऐकायचा, कारण लांबचं त्याला नीट दिसायचं नाही. बॅटवर चेंडू कुठे बसला ते आवाजावरून ओळखायचा आणि आतून ओरडायचा, "गेला, गेला." बाहेरची पोरं म्हणायची, ह्याला कसं कळलं. ती नऊ वर्षांची, तो सहाचा, तेव्हा एका दुपारी आई झोपलेली बघून तिनंच त्याला बाहेर नेलं होतं. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी होती, तिथवर आणि परत. एवढंच. टाकीला हात लावून तो हसला होता. संध्याकाळी त्याची मान, कान, हातांच्या मागच्या बाजू अशा लाल झाल्या, की सदरा अंगावर टेकवेना. आई तिला काही बोलली नाही. मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या त्या झुडपाचा पाला ओरबाडून आणला, ठेचला आणि रात्रभर थापत बसली. सकाळी लाली जवळजवळ गेलेली. ती पलंगाच्या कडेला उभी राहून त्या उतरलेल्या मानेकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते पुढे शाळा, कॉलेज, पदवी, प्रयोगशाळा सगळं ओलांडून जसंच्या तसं टिकलं: हा पाला उन्हाला हरवतो.

पहिल्या पगाराच्या महिन्यातच तिनं पाला प्रयोगशाळेत नेला. कंपनी उन्हापासून बचाव करणारी क्रीमं बनवत असे, त्यांत झिंकची पांढरी भुकटी असे. ती भुकटी प्रामाणिक होती, ऊन परतवून लावायची. पण तिचे कण जाड, चेहऱ्यावर चुना फासल्यासारखे दिसायचे. पिठ्यानं एकदाच लावून बघितलं होतं. "पिठ्याला आणखी पीठ," म्हणाला आणि तोंड धुऊन आला. कण बारीक केले तर ते दिसत नाहीत, आणि काही झाडांच्या काढ्यात ते आपोआपच बारीक तयार होतात. झिंकचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात गाळलेला काढा थेंबाथेंबानं सोडायचा, ढवळत राहायचं. निवळत्या चुन्यासारखा पांढरा साका तळाला बसतो. मंद आचेवर वाळवला की एवढे बारीक कण, की एका केसाच्या जाडीत ओळीनं दीड हजार उभे राहतील, आणि प्रत्येकावर पाल्याचा पातळ लेप. उरलेला काढाही तिनं क्रीममध्येच घातला, कारण तो तिच्या आईचा पाला होता. साहेब डबी नाकाशी धरून म्हणाले होते, "अर्धं झाड, अर्धा दगड. लोकांना दोन्ही हवंच असतं." आई म्हणाली होती, "शिकलीस तू, आणि कामाला आली माझी मोरी."

मग मोजणी. मोजायच्या दोन पद्धती असतात. एक माणसांच्या पाठीवर: एका भागावर क्रीम लावायचं, एक भाग उघडा ठेवायचा, दोन्हींवर सूर्यासारखा दिवा पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, कातडी लाल व्हायला क्रीमखाली किती पट जास्त प्रकाश लागला. दुसरी पद्धत कातडीशिवाय: खरखरीत प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर क्रीम पसरायचं आणि त्यातून किती प्रकाश आरपार जातो ते यंत्रानं बघून तेच 'किती पट' काढायचं. तिच्या क्रीमचा पाठीवरचा आकडा आला एक्केचाळीस. पट्टीवरचा आला सात. बैठकीत साहेबांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिच्याजवळ उत्तर तयार होतं. प्लॅस्टिकवर हे कण एकमेकांना धरून गोळा होतात, मधून प्रकाश निसटतो. कातडी उबदार असते, तेलकट असते, तिथे ते सारखे पसरतात. हे खोटं नव्हतं. असं होतं, पुष्कळदा होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी क्रीम माणसं लावणार, पट्ट्या नाही, असं कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. तीही हसली होती. तो हशा तिला आता, आईच्या स्वयंपाकघरात, वाटीतल्या लगद्याकडे बघताना ऐकू आला, आणि त्यात स्वतःचा आवाज वेगळा काढता आला. त्याच आठवड्यात तिनं डबी घरी आणून पिठ्याच्या हातात ठेवली होती आणि सगळे पडदे एका बाजूला ओढले होते. "जा," ती म्हणाली होती. "कुठे?" तो म्हणाला. "कुठेही."

तो रोपवाटिकेत गेला. आधी तिथे तो आत, नोंदीच्या खोलीत बसायचा. आता बाहेर, वाफ्यांमध्ये, कलमं बांधायला. कलम बांधायचं तर रोप नाकाशी धरावंच लागतं, तिथे त्याच्या डोळ्यांना कोणी हसत नाही. मालकीणबाई म्हणायच्या, ह्याच्या हातचं कलम मरत नाही. दोन उन्हाळे झाले. दोन उन्हाळ्यांत त्याची कातडी एकदाही लाल झाली नाही, आणि घरात कोणी जेवताना सहज म्हणालं की बघा कसा झालाय, तर ती खाली मान घालून भात कालवत राही, सुखानं.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी कानावर भिंग धरलं तेव्हा खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. "भाजला होतास का मध्ये?"

"एकदाही नाही," पिठ्या म्हणाला. "दोन वर्षं उन्हात काम करतोय. ताईनं बनवलेलं क्रीम आहे ना." हे सांगताना त्यानं खुर्चीत जरा सरळ होऊन तिच्याकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली घेतलं. "एकदाही नाही? जरासुद्धा लाल नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि आता पिठ्याकडे न बघता तिच्याकडे बघू लागल्या. "हे असलं, उन्हानं होणारं, न भाजता, ह्या वयात... बरं. तुकडा काढून तपासायला पाठवते. अजून दोन ठिकाणी सुरुवात दिसतेय, मानेवर. घाबरायचं नाही. पण उशीरही करायचा नाही." त्या 'पण'नंतरचं तिला नीट ऐकू आलं नाही. भाजणं म्हणजे कातडीची आरोळी. दोन वर्षं त्या कातडीला आरोळी मारता आली नसेल तर? आत ऊन जात राहिलं, रोज, पूर्ण सात-आठ तास, आणि वर पाला बसून राहिला तोंडावर हात ठेवून. मग पाठीवरचा एक्केचाळीस म्हणजे उन्हाचा हिशेब नव्हताच. लाली किती दाबली त्याचा होता. पट्टीला कातडी नसते. पट्टीची लाली दाबता येत नाही. पट्टी सात म्हणाली होती. नाही, ती स्वतःला म्हणाली, नाही. कण गोळा होतात, हे खरं आहे, हे सिद्ध झालेलं आहे. दवाखान्याच्या जिन्यावर पिठ्या कानावरची मलमपट्टी चाचपत पुढे उतरत होता आणि ती मागून त्याच्या मानेकडे बघत होती. मान गोरीपान, गुळगुळीत, निरोगी दिसत होती. त्या मानेचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

प्रयोगशाळेत दिव्याची खोली एका प्रौढ बाईंच्या ताब्यात होती. सगळे त्यांना सूर्यबाई म्हणत, आणि त्या उगवल्याशिवाय मजल्यावर उजाडत नाही असा जुना विनोद होता, जो त्यांना स्वतःला सगळ्यांत जास्त आवडे. तिनं उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली आणि आतल्या, कोवळ्या बाजूवर पेननं तीन चौकोन काढले, टपालाच्या तिकिटाएवढे.

"हे काय? गोंदवून घ्यायचंय?" सूर्यबाई म्हणाल्या.

"पहिला उघडा. दुसऱ्यावर आधी क्रीम. तिसराही उघडाच, पण दिवा झाला की लगेच त्यावर क्रीम."

"दिवा झाल्यावर? वरातीमागून घोडं?"

"हो."

सूर्यबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तिसऱ्या चौकोनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे तिसरा लाल झाला तर तुझं क्रीम खरं."

"हो. नंतर लावून उपयोग नाही, म्हणजे ते खरंच वाटेत अडवतं."

"आणि नाही झाला तर?"

तिनं पेनाला टोपण लावलं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही बाई," सूर्यबाई हळूच म्हणाल्या. मग आवाज बदलून, "साहेबांना विचारलंस? बाजारात जायच्या डब्या छापून आल्यात खाली."

"हात माझा आहे."

"हात तुझा, दिवा माझा. हलू नकोस." त्यांनी काळा कागद कापून चौकोनांभोवती चिकटवला. दिवा लागला तेव्हा पहिल्यांदा काहीच झालं नाही, नुसतं कोमट वाटलं, हिवाळ्यातल्या उन्हासारखं सुखाचं. तिला मैदानाच्या कडेची टाकी आठवली, तिचा गरम पत्रा, आणि त्यावर टेकलेला पांढरा छोटा पंजा. हेच त्याला वाटत असणार, रोज. दिवा बंद झाल्यावर तिसऱ्या चौकोनावर क्रीम पसरताना तिच्या लक्षात आलं, की आपण ते दोन बोटांनी लावतोय आणि कडेचं अंगठ्यानं निपटतोय. लाल हो, ती मनात म्हणाली. तिनं आयुष्यात कुणाचीच कधी मनधरणी केली नव्हती. लाल हो, भाज, फोड येऊ दे, मी महिनाभर हात बुडवून बसेन पाण्यात, पण लाल हो.

आकडा दुसऱ्या दिवशीच वाचता येणार होता. कातडीला आरडाओरडा करायला तेवढा वेळ लागतो. दुपारी तिला बसवेना, म्हणून ती रोपवाटिकेत गेली. पिठ्या वाफ्याच्या बांधावर उन्हात बसला होता, बाह्या सरकवलेल्या, कानावर पांढरी पट्टी, मांडीवर रोप. त्यानं तिला पावलांवरून ओळखलं. "ताई? ह्या वेळी? नोकरी गेली काय?"

"बाह्या खाली कर."

"बस की आधी. हे बघ." त्यानं रोप बाजूला ठेवलं, डबी उघडली आणि तिच्या डोळ्यांसमोर मानेवर, हातांवर, दुसऱ्या कानावर क्रीम लावलं, शाळेतल्या पोरानं पाढे म्हणून दाखवावेत तसं. "विसरत नाही मी. तुला वाटत असेल, विसरलो म्हणून कानाला झालं. नाही विसरलो. कानाला बहुतेक कमी लागत असेल, वळणं आहेत ना तिथे. आता चोळून लावतो." चूक त्यानं आपल्या वाट्याला घेतली होती, आणि किती सहज, जसा जेवताना जळका पापड उचलून आपल्या ताटात घ्यावा.

"आणि तिकडे बघ," तो म्हणाला, "त्या कडेला. तुझा पाला. दोनशे रोपं केलीत मी. तुमच्या कंपनीला पुढे लागेलच की. मालकीणबाईंना म्हटलं, जागा द्या, भाडं आमची ताई देईल." तो हसला. झुडपं वीतभर उंच होती, तजेलदार, माजलेली.

"पिठ्या, ही डबी माझ्याकडे राहू दे. उद्यापर्यंत."

"का? बिघडलीय?"

"बघतेय."

"बघतेय म्हणजे काय?"

"उद्या सांगते. आज आत बस."

तो मातीनं भरलेली बोटं एकमेकांवर घासत राहिला. त्याचे ते फिकट, सतत थरथरणारे डोळे तिच्या तोंडावर स्थिर होऊ बघत होते, आणि इतक्या जवळून त्याला आपलं तोंड दिसतं, ह्याची तिला भीती वाटली. "तुला माहीत आहे," तो म्हणाला, "ऊन पाठीवर बसतं ना सकाळी, ते मांजरासारखं बसतं. वजन असतं त्याला. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, की वजन असतं म्हणून."

"हो."

"कानाचं काय व्हायचं ते होऊ दे. कापला तरी चालेल, दुसरा आहे. पण मला परत पडद्यामागे नको बसवूस, ताई. बाकी काहीही सांग."

मोठा झाल्यापासून त्यानं काही मागितल्याचं तिला आठवेना. तिनं डबी पर्समध्ये टाकली. तो उठला, कुंडी उचलली, छपराखाली गेला आणि सावलीच्या अगदी कडेला बसला, असा, की फक्त चपलांची टोकं उन्हात राहावीत. थोड्या वेळानं त्यानं तीही आत ओढून घेतली. परतीच्या वाटेवर ती रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं चालली. हात बाहीत झाकलेला होता आणि आत काहीतरी चुरचुरत होतं, पण कुठे, पहिल्यात की तिसऱ्यात, ते कळत नव्हतं. तिला चोरून बघता आलं असतं. तिनं बघितलं नाही. उद्यापर्यंत एक्केचाळीसही खरा होता आणि सातही. उद्यापर्यंत तो छपराखाली एका दिवसापुरताच बसला होता. घरी आईनं विचारलं, "बरा झाला का गं कान? पाला अजून देऊ वाटून?" तर ती म्हणाली, "नको," आणि ते इतक्या जोरात म्हणाली, की आईच्या हातातली वाटी खाली ठेवली गेली. मग आई हलकेच म्हणाली, "माझ्या पाल्यानं वाईट नाही व्हायचं कधी." ती म्हणाली, "माहीत आहे." हे खरंच होतं. पाल्यानं त्याला जे येत होतं तेच केलं होतं. दुखणाऱ्याचं दुखणं तो घेत होता. तो उन्हाला हरवतो असं पाला कधी म्हणाला नव्हता; ते नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली होती, जिला त्या रात्री आपल्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही, एवढं खरं ठरायला हवं होतं.

सकाळी सूर्यबाईंनी दिव्याच्या खोलीचा दरवाजा लावून घेतला आणि वरची एकच ट्यूब चालू ठेवली. "बघितलंस?"

"नाही."

"मग आता तरी बघ."

"तुम्ही वाचा. मी लिहिते."

तिनं हात टेबलावर उताणा ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर दिव्याच्या तारेची सावली होती. सूर्यबाईंनी ओल्या कापसानं क्रीम पुसलं, कातडी सुकू दिली. लाली मोजायचं यंत्र पेनाएवढं असतं, त्याचं काचेचं तोंड कातडीवर गार लागतं. शेजारच्या कोऱ्या कातडीपेक्षा चौकोन किती जास्त लाल ते आकड्यात सांगतं. प्रत्येक चौकोन तीनदा वाचायचा आणि सरासरी घ्यायची, ही रीत. सूर्यबाईंनी पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यावर त्यांनी तीनदा वाचून झाल्यावर यंत्राचं तोंड पुसलं, आणि पुन्हा तीनदा वाचला.

मग त्यांनी सांगितलं आणि तिनं डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, लिहून घेतलं.

उघडा चौकोन: अकरा पूर्णांक चार. आधी क्रीम: दोन पूर्णांक नऊ. नंतर क्रीम: दोन पूर्णांक आठ.